दीर इथिओपियाहून आलाय, खातची सवय लागलीय, काय करावं?

रावपुऱ्याची_सून: नमस्कार मंडळी. धाकटा दीर इथिओपियात हवासाला टेक्स्टाइलमध्ये आहे, सध्या सुट्टीवर बडोद्याला आलाय. तिकडे दुपारची जेवणं झाली की सगळे खात नावाच्या झाडाची नशेची पानं चघळत बसतात, हाही बसायचा. इथे पानं नाहीत तर दिवसभर लोळतो, चिडचिड करतो, रात्री दचकून उठतो, परवा आवडीची सेव उसळ आणली तर चमचा फिरवत बसला नुसता. जाऊ म्हणते पगाराचा मोठा हिस्सा त्यातच जातो. सासूबाईंचं म्हणणं, पालाच तर आहे, त्यात काय! आता तो कुरियरने वाळलेली पानं मागवायचं म्हणतोय. मागवू द्यावीत का?

हरारवाला: अजिबात नको!! खातमधला नशेचा घटक कॅथिनोन आपल्याकडे एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, एअरपोर्टवर अशी पार्सलं पकडली जातात, ग्रीन टी म्हणून पाठवलेलीसुद्धा. नोकरी, पासपोर्ट सगळंच अडकेल. मी इथिओपियातच हरार शहराच्या बाजूला होतो, तिथे अवदाय गावात खातचा मोठा बाजार आहे, पानं तोडली की जो तो घाईत, कारण दोन-तीन दिवसांत जोर उतरतो, म्हणून त्याच दिवशी गाड्या सोमालिया-जिबूतीकडे सुटतात.

मांजलपूर_फार्मसी: सासूबाईंना सांगा, तंबाखूही पालाच आहे. कॅथिनोन अँफेटामिन या उत्तेजक द्रव्याच्या जातीचं, म्हणून आधी तरतरी, गप्पा, भूक मरते, झोप उडते, आणि उतरलं की उदास वाटतं. रोज खाणाऱ्यांना बद्धकोष्ठ, हिरड्यांचा त्रास आणि बीपी वाढतं, हार्टचा धोकाही वाढतो. डब्ल्यूएचओने १९८० मध्येच याला व्यसनाच्या पदार्थांत धरलंय. दारू सोडताना होतं तसं थरथरणं-झटके सहसा नसतात, त्यामुळे आत्ताचं लोळणं आणि वाईट स्वप्नं हळूहळू कमी होतील, पण उदासी टिकली किंवा भास-संशय असलं काही दिसलं तर सरळ मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे न्या. बीपी आजच बघा.

रावपुऱ्याची_सून: बीपी बघितलं, वरचं १५० आलं. वय ३४ फक्त. उद्या डॉक्टरांकडे नेतोय, कुरियरचं नवऱ्याने कडक शब्दांत सांगितलंय. पण परत गेल्यावर काय?

हरारवाला: तेच खरं अवघड आहे ताई. सोबत चघळायला न बसणारा तिकडे एकटा पडतो, कामाच्या ओळखी, उधारी, लग्नाची बोलणी सगळं त्याच बैठकीत. बायका मात्र घरी हिशेब लावत बसतात. मी दुपारी कॉफीवाल्यांच्या टोळीत बसायला लागलो, कॉफीचा तर तो देशच आहे. जाऊबाईंना सोबत नेता येत असेल तर न्यायला सांगा, आणि पगार थेट बडोद्याच्या खात्यात वळवा, हातात खर्चापुरतेच ठेवायचे.

रावपुऱ्याची_सून: पगाराचं आजच बोलते त्याच्याशी, जाऊच्या व्हिसाचंही विचारते.