धामणीचं धनुष्य एकाच जागी वाकतंय, मदत हवी आहे

गडचिरोलीत कोरचीकडे राहतो. धामणीच्या झाडाच्या लाकडाचं पाच फुटी धनुष्य करतोय, दोरी बांबूच्या कामटीची. लाकूड सावलीत नीट वाळलंय, भेग नाही. पाठीला, म्हणजे नेमाकडच्या बाजूला, हत्यार लावलेलं नाही. वाकसाने तासलं, काचेने खरवडलं ते सगळं पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने.

ओढलं की खालची बाजू छान गोल वाकते. वरची गाठीपाशी ताठ राहते आणि गाठीच्या पुढे चार बोटांवर एकदम कोपर काढते. गाठीवर लाकूड मुद्दाम जाड ठेवलंय. कोपराला हात न लावता आजूबाजूला खरवडलं. थोडा फरक पडला, पण धनुष्याचा ताण, म्हणजे ओढायला लागणारा जोर, कमी होतोय. आणखी कमी नको.

शिकारीचा प्रश्नच नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. तणसाच्या पेंढीवर नेम धरायचाय. बाजारातलं फायबरचं सुचवू नका.

आता त्या कोपराला पोटाकडून निखाऱ्यावर शेक द्यावा, की दोन्ही टोकं कापून धनुष्य आखूड करावं?