फ्रूट स्कोन फुगत नाहीत, कलंडतात, वरचे बेदाणे करपतात: काय चुकतंय?

मेथीदाणा

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये ऑक्टोबर लागल्यापासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे घरी फ्रूट स्कोन (चहासोबत खायचे, बेदाणे घातलेले छोटे गोल पाव) करणं चालू आहे. चव बरी येते, बाकी सगळी बोंब.

प्रमाण: सेल्फ रेझिंग फ्लोअर (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा) २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ चमचा, बिनमिठाचं बटर ५० ग्रॅम, कास्टर शुगर (बारीक दाण्यांची साखर) २५ ग्रॅम, सुलताना (सोनेरी तपकिरी बेदाणे) ७५ ग्रॅम, दूध १२० मिली. मऊ केलेलं बटर पिठात चोळायचं, दूध घालून पाच मिनिटं मळायचं, गोळा गुळगुळीत झाला की दीड सेंमी जाड लाटून स्टीलच्या पेल्याने गोल पाडायचे. फॅन ओव्हन (आत हवा फिरवणारा पंखा असलेला) १८० अंश, २० मिनिटं.

जेमतेम अडीच सेंमी उंच होतात, तेही एका अंगाला कलंडून. वरचे बेदाणे कोळसा. आतून घट्ट, दुसऱ्या दिवशी दगड. पावसाळी हवेत पीठ ओल धरतं म्हणून असं होतं का? दूध आणखी कमी करू का?

ओव्हनकाका

दूध कमी नका करू, वाढवा. पावसाला यात गोवू नका.

तुमच्या प्रमाणात दुधाखेरीज काही वावगं नाही, कृती मात्र पोळ्यांच्या कणकेची आहे. मळलं की पिठातलं ग्लुटेन, म्हणजे चिवट प्रथिन, ताणलं जातं. पोळीला तो चिवटपणा हवाच असतो. स्कोनमध्ये तोच वर फुगणाऱ्या पिठाला खाली ओढून धरतो. पाच मिनिटं मळून गुळगुळीत झालेल्या गोळ्याचे स्कोन घट्टच होणार. गोळा ओबडधोबड, मऊ आणि हाताला किंचित चिकटणारा हवा. बघून 'हे अजून नीट झालं नाही' असं वाटतं, तिथेच थांबायचं.

दुसरं बटर. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, कारण पातळ तूप पिठाच्या कणाकणाला लागून खुसखुशीतपणा येतो. इथे बरोबर उलटं. बटर थेट फ्रिजमधलं, एक सेंमीचे तुकडे करून, फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळवे लावले की ते वितळतं. जाडसर रवाळ दिसायला लागलं की पुरे. मुगाच्या डाळीएवढे काही तुकडे राहिले तर उत्तमच. ते ओव्हनमध्ये वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ थराथराने सुटतं. मऊ बटर आधीच पिठात मुरलेलं असतं, त्याला हे जमत नाही. हात गरम असतील तर गोठवलेलं बटर जाड किसणीवर किसून घाला, चोळायचं कामच निम्मं होतं.

आता क्रम. ओव्हन आधी तापवा: फॅन असेल तर २००, नसेल तर २२०, गॅसचा ओव्हन असेल तर ७ नंबर. ट्रे आतच तापू द्या. पीठ, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ एकत्र चाळा. बटर चोळा. साखर आणि बेदाणे मिसळा. मापाच्या भांड्यात एक अंडं फोडून फेटा, त्यावर दूध ओतून एकूण १५० मिली करा. यातलं दोन मोठे चमचे बाजूला, वरून लावायला. उरलेलं पिठाच्या मधोमध खड्डा करून एकदम ओता आणि बोथट सुरीने पटापट कालवा. चमच्याने घोटू नका. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ओट्यावर पीठ भुरभुरून गोळा काढा, दोन-तीनदा घडी घाला, तळहाताने थापा. लाटण्याची गरजच नाही.

जाडी अडीच सेंमी. पट्टी लावून बघा, नजरेला अडीच वाटतं ते हमखास दीड निघतं. स्कोन साधारण दुपटीच्या आसपास जातो, म्हणजे दीड सेंमीतून तीनच्या पुढे काही मिळणार नाही. सहा सेंमीच्या कटरने सहा-सात होतात. १२ ते १४ मिनिटं पुरतात. १८० वर २० मिनिटं ठेवलं की वर उचलणारा झटका बसत नाही आणि आतलं पाणी मात्र उडून जातं. दुसऱ्या दिवशीचा दगड त्यातूनच आला.

तिरफळ

काकांना +१. कलंडण्याबद्दल थोडं.

पेल्याची कड जाड आणि वळवलेली असते. ती पीठ कापत नाही, दाबते. वर तो फिरवला की कडेचे थर एकमेकांना चिकटून बंद होतात. जिकडे जास्त चिकटले ती बाजू बसते, दुसरी वर जाते, झाला मनोरा तिरका. पातळ धारेचा पत्र्याचा कटर घ्या, प्रत्येक वेळी कोरड्या पिठात बुडवा, सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. कटर नसेल तर धारदार सुरीने चौकोन कापा. चवीत फरक शून्य, आणि उरलेल्या कडा पुन्हा जोडायची भानगड नाही. जोडलेल्या पिठाचे शेवटचे दोन नेहमी जरा वेडेवाकडे आणि घट्ट येतात, ते ज्याने केले त्याने खायचे.

अंड्याचा हात फक्त माथ्यावर. कडेवरून ओघळलं की तिथे ते आधी शिजून गोंदासारखं धरून ठेवतं आणि स्कोन त्या बाजूला अडकतो. ट्रेवर एकमेकांपासून दोन सेंमी अंतर ठेवा. कापलेला तुकडा उलटा करून ठेवलात तर माथा सपाट येतो, कारण कापताना वरची कड किंचित खाली दबलेली असते.

फुगल्यावर कडेला मधोमध आडवी भेग पडली तर घाबरू नका. ती हवीच. तिथून हाताने दोन भाग करायचे असतात, सुरी लागत नाही.

बेदाणेवाला

करपलेल्या बेदाण्यांना तीन कारणं असतात: फळ फार कोरडं, ते पृष्ठभागावर उघडं, आणि ट्रे वरच्या कप्प्यात. थापून झाल्यावर माथ्यावर डोकावणारे बेदाणे बोटाने आत दाबा किंवा उचलून खालच्या बाजूला लावा. ट्रे मधल्या कप्प्यात.

फळ भिजवावं. काळा चहा कडक करून गाळायचा, गरम असताना त्यात सुलताना २० मिनिटं बुडवायच्या. कोरडं फळ पिठातलंच पाणी ओढतं, मग त्याच्याभोवती स्कोन कोरडा लागतो. निथळून, स्वच्छ कापडात पसरून, वरून दाबून पूर्ण टिपून घ्या. ही पायरी गाळलीत तर पिठात तपकिरी रेघा आणि चिकट गोळे होतील.

फळ कुठलं हेही बघा. सुलताना म्हणजे बिनबियांची हिरवी द्राक्षं. तुर्कस्तानात ती पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात, म्हणून सोनेरी तपकिरी. तासगाव-सांगलीचा बेदाणा याच जातीच्या थॉमसन सीडलेस द्राक्षांचा आणि तिच्यातून निवडलेल्या वाणांचा; तोही पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवतात, पण शेडमध्ये सावलीत वाळवतात म्हणून हिरवट पिवळा राहतो. भारतातून आणलेला असेल तर बिनधास्त वापरा, फक्त किंचित आंबट असतो, साखर ३५ ग्रॅम करा. न बुडवता उन्हात वाळवलेले काळे रेझिन जाड सालीचे, ते भिजवल्याशिवाय नकोत. करंट म्हणजे ब्लॅक कोरिंथ जातीची चिमुकली द्राक्षं. ते बारीक असल्याने सगळीकडे सारखे पसरतात, पण करपतातही लवकर.

तिरफळ

बेदाणेवाले, ताज्या पाकिटातल्या मऊ सुलताना असतील तर भिजवणं फुकटचं काम आहे. बोटाने दाबून बघावं. दबली तर तशीच घाला, कडक लागली तर चहा.

बेदाणेवाला

मऊ असतील तर मान्य. चहाची चव मात्र मिळत नाही.

मेथीदाणा

सगळ्यांचे आभार. पिठाच्या ओलीचं कुणीच मनावर घेतलं नाही! आणि पीठ भिजवल्यावर लगेच ओव्हनमध्ये घालावं लागतं का? मुलांना कापू द्यायचं तर दहा मिनिटं जातात.

ओव्हनकाका

बंद डब्यातलं पीठ इथल्या पावसाने एवढं बदलत नाही. पिठाच्या दोन पिशव्यांत पाणी पिण्याचा फरक त्याहून जास्त असतो. म्हणून दूध ओतताना शेवटचा मोठा चमचा हाती राखावा आणि तळाला कोरडं पीठ दिसलं तरच घालावा. उलट पावसाळी दिवशी स्वयंपाकघर गार असतं, बटर हातात वितळत नाही. ओव्हन तापायला लागला की ओटाही तापतो, तेवढं सांभाळा. हवेतल्या ओलीचा खरा त्रास भाजल्यानंतर होतो: उघडे ठेवलेले स्कोन वरून चामट होतात.

दहा मिनिटांनी बिघडणार नाही. इथल्या बेकिंग पावडरच्या डब्यावर बहुधा ई४५० हा आम्लाचा क्रमांक दिसेल. ते आम्ल ओलं झाल्यावर थोडंसं काम करतं आणि उरलेलं ओव्हनच्या उष्णतेत. पण नुसता खायचा सोडा आणि ताक वापरलंत तर ओलं झाल्याबरोबर फसफसायला सुरुवात होते, तिथे ताटकळायचं नाही.

सेल्फ रेझिंगची पिशवी उघडून बरेच महिने झाले असतील तर तिच्यातला जोर गेलेला असतो. बेकिंग पावडरचा एक चमचा उकळत्या पाण्यात टाकून बघा. जोरात फेस आला तर चांगली. म्हणून घाबरून दोन चमचे जास्तीची घालू नका: स्कोन भरभर फुगून बसतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

पुणेरी_ओटीजी

पुण्यात सेल्फ रेझिंग फ्लोअर सहज मिळत नाही, आणि घरी अंडं चालत नाही. काय करावं? पॅकेटमधलं मिठाचं बटर चालेल का?

ओव्हनकाका

मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट ३ चमचे, पाच मिलीचा चमचा. दोन्ही एकत्र दोनदा चाळा, नाहीतर माथ्यावर पिवळे ठिपके येतात. बटर मिठाचं असेल तर वरून मीठ नको.

अंड्याऐवजी दोन मोठे चमचे आंबट दही आणि दूध मिळून १५० मिली. दह्याच्या आंबटपणाचा उपयोग करून घ्यायचा तर पाव चमचा खायचा सोडा घाला आणि बेकिंग पावडर तीनऐवजी दोन चमचे करा. माथ्याला दूध लावा. रंग अंड्याइतका चकचकीत येत नाही, म्हणून वर चिमूटभर साखर भुरभुरवा.

ओटीजी (ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन) छोटा असेल तर वरची कॉइल माथ्याच्या फार जवळ येते. दोन्ही कॉइल लावून २२० वर १५ मिनिटं तापवा, ट्रे खालून दुसऱ्या खाचेत. आठव्या मिनिटाला बेदाणे काळवंडायला लागले तर वर फॉइल नुसती टेकवा. मध्ये दार उघडायचं ते एकदाच. आणि पुण्याच्या हवेत चोळलेलं पीठ दूध घालण्याआधी १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ही पायरी लीड्सला लागत नाही.

चहावेळ

शरद ऋतूच आहे तर ब्रॅमली या शिजवायच्या आंबट सफरचंदाचे करा. मध्यम आकाराच्या अर्ध्याची साल काढून अर्ध्या सेंमीचे तुकडे, साधारण १०० ग्रॅम, अर्धा चमचा दालचिनी पूड, बेदाणे ४० ग्रॅमवर आणा. किसू नका, पाणी सुटून लगदा होतो. दूध-अंडं मिळून १२५ मिलीच घ्या. कुंपणावरच्या ब्लॅकबेरी मिळाल्या तर आधी गोठवून, तशाच गोठलेल्या घाला, कालवताना फुटत नाहीत. ताज्या फळाच्या स्कोनला तीन-चार मिनिटं जास्त लागतात आणि ते त्याच दिवशी संपवायचे.

झाले की नाही कसं कळतं? एक उलटा करून टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. थर्मामीटर असेल तर मधोमध ९३ ते ९५ अंश. जाळीवर काढा, माथा मऊ हवा असेल तर वर पंचा टाका, कुरकुरीत हवा असेल तर उघडे. पूर्ण गार झाल्याशिवाय क्लॉटेड क्रीम (तापवलेल्या दुधाची घट्ट साय) लावू नका, पाघळतं. त्यात निदान ५५ टक्के स्निग्धांश असतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये आधी क्रीम वर जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम वर क्रीम. स्कोन कोमट असेल तर कॉर्नवॉलची पद्धत शहाणपणाची, क्रीम थेट गरमाला लागत नाही.

मेथीदाणा

शेवटचा प्रश्न. दुप्पट करायचे तर सगळं दुप्पट? आणि उरले तर?

तिरफळ

सगळं दुप्पट, बेकिंग पावडरसकट. पण चोळायचं दोन वेगळ्या भांड्यांत. ४५० ग्रॅम पिठाला एकदम बटर चोळायला इतका वेळ लागतो की ते वितळायला लागतं. भाजताना एक ट्रे आत, दुसरा फ्रिजमध्ये. दोन्ही एकदम घालायचेच असतील तर फॅन लावून, नवव्या मिनिटाला जागा बदलून.

उरलेले भाजण्याआधी गोठवणं बरं. कापलेले तुकडे ट्रेवर मोकळे गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा. भाजताना वितळवायचे नाहीत. थेट ओव्हनमध्ये, फॅन १८०, २० मिनिटांच्या आसपास. फक्त इथे तापमान मुद्दाम कमी आहे, नाहीतर मध्य गोठलेलाच राहून माथा करपतो. भाजलेले उरले तर गार झाल्याझाल्या गोठवा आणि खाताना १६० वर आठ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत रबर होतात.