उकळण्याआधी धुणं

दर फीडच्या आधी बाळाची बाटली आणि आईचं दूध काढायच्या पंपाचे भाग उकळायलाच हवेत का, असा प्रश्न आहे. दर वेळी नाही. पण वापर झाला की धुणं मात्र चुकवू नका. दुधाचा चिकट थर आत राहिला तर त्याच्या आड जंतू टिकतात, मग उकळूनही खात्री राहत नाही. म्हणून सगळे भाग सुटे करा, पंपाचे छोटे व्हॉल्व्हसुद्धा, आणि साबणाच्या गरम पाण्यात घासा. सिंकमध्ये नको, तिथे आपण खरकटी भांडी घासतो. एक पातेलं आणि ब्रश फक्त बाळासाठी ठेवा.

नवी बाटली पहिल्यांदा वापरण्याआधी उकळाच. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल, तर अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी रोज निदान एकदा निर्जंतुक करायला सांगते: भाग पूर्ण बुडतील इतकं पाणी, उकळी फुटल्यावर ५ मिनिटं. पंपाची हवेची नळी यात टाकू नका. नंतर सगळं हवेवर वाळू द्या. ओट्यावरच्या फडक्याने पुसलंत तर केलेलं वाया गेलं.

पावडरचं दूध देणाऱ्यांनी एक नक्की लक्षात ठेवा. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा घातक जंतू असू शकतो. वर सांगितलेल्या लहान किंवा नाजूक बाळासाठी ती किमान ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात कालवा आणि कोमट झाल्यावरच पाजा.

आणि जमत असेल तर वाटी-चमचा वापरा. त्यात निपलसारख्या खाचा नसतात, घासायलाही सोपं.