रि: मे महिन्याची सहल – मॉनिटर आणि व्हर्जिनिया, एकही का बुडाली नाही?

मीनल:
नमस्कार मंडळी. माहितीपत्रकासाठी एक शंका. अमेरिकन यादवी युद्धात ८ मार्च १८६२ ला व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्पटन रोड्स खाडीत दक्षिणेच्या व्हर्जिनिया या चिलखती जहाजाने उत्तरेच्या कंबरलंड या लाकडी जहाजाला धडक देऊन बुडवलं, काँग्रेस हे दुसरं जहाज पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी ती उत्तरेच्या मॉनिटर या चिलखती जहाजाशी सुमारे चार तास झुंजली आणि दोघी तरंगत परत गेल्या. "दोघींना चिलखत होतं" एवढं लिहिलं तर चालेल?

विनायक:
मीनलताई, अपुरं आहे. व्हर्जिनियाचं चिलखत म्हणजे २-२ इंची लोखंडी पट्ट्यांचे दोन थर, मागे सुमारे दोन फूट लाकूड. मॉनिटरच्या ११ इंची तोफा ते फोडू शकल्या असत्या, पण दारू कमी घालायचा हुकूम होता: दर बाराला १५ पौंड. १८४४ मध्ये प्रिन्स्टन जहाजावर तोफ फुटून दोन मंत्री ठार झाले होते, त्याची धास्ती. पुढे चाचण्यांत याच जातीच्या तोफेने ३० पौंड सोसले!

व्हर्जिनियाची तऱ्हा उलटी. गाठ लाकडी जहाजांशी पडणार असं धरल्यामुळे तिच्या रायफल तोफांना चिलखत फोडणारे भरीव गोळे दिलेच नव्हते. नाकावरची लोखंडी सोंड आदल्या दिवशी कंबरलंडमध्येच तुटून राहिली. धुरांड्याची चाळण झाल्याने बॉयलरला ओढ मिळेना, वेग आणखी पडला.

प्रशांत:
काकांच्या मुद्द्यांत दोन भर.

एक, मॉनिटरचा फिरता बुरूज. भिंत ८ इंच जाड, फिरवायला वाफेचं इंजिन. प्रवासात पाणी लागून यंत्रणा गंजली. एकदा फिरला की नेमका थांबवता येईना. शेवटी फिरता फिरताच बार काढायचे. तोफेच्या भोकांची झाकणं इतकी जड की उघडझाप नकोशी. म्हणून तोफा भरताना बुरूजच शत्रूकडून वळवून ठेवत. दोन बारांमध्ये सात-आठ मिनिटं जात. सुकाणूघर बुरुजासमोर, त्यामुळे थेट पुढे मारताच येत नसे.

दोन, खोली. व्हर्जिनियाला सुमारे २२ फूट पाणी लागे, मॉनिटरला साडेदहा. म्हणून गाळात रुतलेल्या उत्तरेच्या मिनेसोटा जहाजाजवळ व्हर्जिनिया जाऊ शकली नाही. शिवाय कोळसा आणि दारूगोळा संपत आल्यावर ती वर उचलली गेली आणि पाण्याखालचा पातळ चिलखताचा पट्टा उघडा पडला. मॉनिटरने तिथे नेम धरला असता तर निकाल लागला असता, असं माझं स्पष्ट मत. सुकाणूघराच्या फटीवर गोळा फुटून मॉनिटरचे कप्तान वर्डन यांना काही काळ दिसेनासं झालं, मॉनिटर उथळ पाण्यात सरकली. ती पळाली असं समजून, ओहोटीच्या भीतीने व्हर्जिनियाही नॉरफोकला वळली.

मीनल:
वा! त्याच दिवशी मनॅससचं रणांगणही घेऊ या का? याच युद्धातली २१ जुलै १८६१ ची लढाई?

विनायक:
नको. अंतर मोठं, आणि तिथली हेन्री हिल ही टेकडी पायीच बघायला हवी. तिथे उत्तरेच्या ११ तोफा पायदळाच्या पुरेशा आडोशाशिवाय पुढे नेल्या; उत्तरेसारख्याच निळ्या गणवेशातली दक्षिणेची, व्हर्जिनिया राज्याची ३३ वी पलटण आपलीच समजून बार रोखला आणि तोफा गेल्या. शेनँडोआ खोऱ्यातून दक्षिणेची कुमक आगगाडीने आली, हेही तिथेच समजावून सांगता येईल.

न्यूपोर्ट न्यूजला मॅरिनर्स म्युझियममध्ये २००२ मध्ये समुद्रातून काढलेला मॉनिटरचा बुरूज आहे. संवर्धनाच्या टाकीत पाणी भरलेलं असेल तर फारसं दिसत नाही. तारीख ठरवण्याआधी फोन करा.