आधी ग्रामर की आधी तोंड उघडायचं?

रावेरचा_पोरगा: जळगावात तीन महिने स्पोकन इंग्लिशचा क्लास केला. काळांचे बाराही तक्ते तोंडपाठ. परवा पुण्याहून मुलाखतीचा फोन आला. स्वतःबद्दल सांगा म्हणाल्या, पाठ केलेलं धाडधाड म्हणून टाकलं. मग मॅडमनी सहज विचारलं, तुमच्याकडे शेतात काय पिकतं? आता रावेरच्या माणसाला हा काय प्रश्न झाला! वडील केळी पिकवतात, एवढंच सांगायचं होतं. डोक्यात मराठी वाक्य जुळवलं, शब्द बदलले आणि 'ग्रो' की 'ग्रोज' इथे अडकलो. तिकडून "हॅलो? हॅलो?" नेटवर्क गेलं समजून त्यांनी फोन ठेवला.

माझं मत पक्कं झालंय. क्लास बंद. दोघा मित्रांनी रोज वीस मिनिटं चुकत-माकत इंग्रजीच बोलायचं. विहिरीत पोहायला पुस्तक वाचून शिकलो होतो का?

मास्तर_अमळनेर: बेटा, विहिरीत उडी मारलीस तेव्हा पाठीला डबा बांधलेला होता ना? काठावर काका उभा होता ना? दोघं चुकणारे एकमेकांशी बोलले की चूक पक्की होते. 'डिड यू वेन्ट' म्हणणारी पोरं मी वर्षानुवर्षं पाहिली. समोरच्याला कळतं, म्हणून कुणी टोकत नाही.

तू अडकलास का, तेही बघ. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागे. तुझी केळी तयार होती, क्रियापद यायचं होतं. तक्ते पाठ करून हे सुटत नाही, कबूल. स्वतःच्या घरादाराची पाच वाक्यं लिही, मोठ्याने म्हण. त्यांचेच प्रश्न कर, नकार कर, कालचं कर, उद्याचं कर. आणि कुणाकडून तरी तपासून घे.

साक्रीची_ताई: सर, 'ग्रो' म्हटलं असतं तरी मॅडमना केळी कळली असती. गप्प बसल्यावर काय कळलं?

माझ्या घरी अहिराणी. पहिलीत बाईंना "माले घर जावानं शे" म्हटलं तर अख्खा वर्ग हसला. पुढे "मला घरी जायचं आहे" हे कुणी तक्ता देऊन शिकवलं नाही. ऐकत गेले, येत गेलं. आम्ही खान्देशी पोरं शाळेतच दुसरी भाषा शिकलेलो असतो, फक्त तिला कुणी गुण देत नाही.

मास्तर_अमळनेर: ताई, मराठी एसटीत होती, रेडिओवर होती. साक्रीच्या बाजारात इंग्रजी कोण बोलतं?

साक्रीची_ताई: कोणीच नाही. म्हणून मोबाईल. दोन मिनिटांचा एकच तुकडा आठवडाभर ऐकते आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच्याच सुरात म्हणते. 'रेकॉर्ड' हा शब्द मी कायम एकाच तऱ्हेने म्हणायचे. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, हे कानाने कळलं. (सासूबाईंना वाटतं मी फोनवर कुणाशी तरी भांडते.)

स्टेशनवाला_भाऊ: जळगाव स्टेशनवरून फॉरेनची मंडळी अजिंठ्याला नेतो. "केव्ह्ज, सिक्स्टी किलोमीटर, गो, वेट, कम, वन प्राइस." झालं. ग्रामर कोणी विचारलं नाही भो.

पण एकदा परत येताना एक म्हातारी बाई मागच्या सीटवर रडायला लागली. काय झालं, एवढंही धड विचारता येईना. "वॉटर?" म्हटलं. तिने मान हलवली. जळगाव येईपर्यंत मी नुसता आरशात बघत होतो.

रावेरचा_पोरगा: भाऊ, हे वाचून चर्रर्र झालं. सर, पाच वाक्यं लिहितोय. पहिलं बघा: माय फादर ग्रोज बनाना.

मास्तर_अमळनेर: बनानाज.

साक्रीची_ताई: सर, केळी कळली ना पण?