मदत हवी आहे: ऐन थंडीत पाच आठवडे घर बंद, पाइप कसे वाचवू?

मंडळी, जरा घाईत आहे. अमेरिकेत मिनिआपोलिसला घर घेतल्यावरचा हा आमचा दुसरा हिवाळा. बहिणीच्या लग्नासाठी डिसेंबरच्या मध्यापासून पाच आठवडे साताऱ्याला असू. घर रिकामं.

गेल्या जानेवारीत एका सकाळी स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडला, तर घोटभर पाणी आलं, नळ खरखरला आणि गप्प झाला. सिंक उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीला आहे. बायकोच्या हेअर ड्रायरने नळापासून मागे मागे पाइप शेकत गेलो, पाऊण तासाने धार आली. फुटला नाही हे नशीब. तेव्हापासून कडाक्याच्या रात्री सिंकखालचं कपाट उघडं आणि नळ ठिबकता ठेवतो. (व्हिडिओ कॉलवर ते दिसलं की आई तिकडून ओरडते.)

पण रिकाम्या घरात नळ ठिबकत कसा ठेवू? मेन व्हॉल्व्ह (घरात येणारं सगळं पाणी तोडणारा) बंद करून पाइप रिकामे करू, की हीटिंगचा थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर (साधारण १३ सेल्सिअस) ठेवून निघू? शेजारचे आजोबा म्हणतात, ड्रेनमध्ये अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) ओत. गॅरेजमध्ये गाडीचं आहे, चालेल?

प्रतिसाद १
गाडीचं अजिबात नको! त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, विषारी. आजोबा म्हणतायत ते गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. घरात ऊब राहणार असेल तर तेही लागत नाही.

बाकी, दोन्ही करा. ५५ च्या खाली जाऊ नका आणि मेनही बंद करा. फर्नेस (घर तापवणारं यंत्र) मध्येच बंद पडून पाइप फुटला, तर आत उरलंय तेवढंच सांडेल. मेन चालू असेल तर तुम्ही येईपर्यंत वाहत राहील. मेन बंद केला की वरच्या मजल्यावरचे नळ आणि बेसमेंटमधला सगळ्यात खालचा नळ उघडा, फ्लश करा. हीटिंग रेडिएटरचं (पाइपांतून गरम पाणी खेळवणारं) असेल तर मात्र आधी माहीतगाराला विचारा.

प्रतिसाद २
बागेच्या नळाची होज (रबरी नळी) आजच काढा. आमचा नळ फ्रॉस्ट-फ्री (थंडीत गोठू नये असा बनवलेला), म्हणून मी निर्धास्त होतो. होज लावलेलीच राहिली, नळात पाणी अडकलं आणि गोठलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. कळलं एप्रिलमध्ये, बाहेर नळ सोडला आणि आत बेसमेंटची भिंत ओली झाली तेव्हा. विम्याची पॉलिसीही वाचा, रिकाम्या घरात हीटिंग चालू ठेवण्याची अट बऱ्याचदा असते.

धागाकर्ता
दोघांचे आभार. होज काढली. फर्नेस गरम हवेचं आहे. पण मेन व्हॉल्व्ह जुना, गोल चाकाचा. पाव फेरा फिरला, अडकला आणि आता दांड्यापाशी पाझरतोय :(

प्रतिसाद १
जोर लावू नका, तुटला तर बेसमेंटचं तळं होईल. खाली बादली ठेवा, दांड्याभोवतीचा नट पान्याने किंचित आवळून बघा. थांबलं तरी निघण्याआधी प्लंबरकडून बॉल व्हॉल्व्ह (दांडी पाव फेरा फिरवली की बंद होणारा) बसवून घ्याच.