सुगरणीचा खोपा नर विणतो, मग बहिणाबाईंची कविता वर्गात कशी घ्यावी?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वारणेच्या पट्ट्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. पाठ्यपुस्तकात असो-नसो, आठवीला बहिणाबाईंची 'खोप्यामधी खोपा' मी घेतोच. यंदा पहिलं कडवं म्हणून होतंय तोवर एका पोराने हात वर केला. "सर, घरटं मादी बांधतच नाही. नर बांधतो. मोबाईलवर बघितलंय." वर्गात खसखस पिकली. मुलींच्या बाकांवरून लगेच आवाज आला, "म्हंजे बाप्यानं केलेल्या कामाचं नाव बाईला मिळालं! एकदा तरी मिळू द्या की."

स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पोरगं बरोबर आहे, फळ्यावर तशी टीप लिहून टाका. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, कवितेत कसली आलीय चूक, पुढं चला. मला दोन्ही पटेना. टीप लिहावी तर कवितेचा दम जातो, पुढं जावं तर पोराच्या डोळ्यात मी थापाड्या ठरतो.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडची ऊसतोडीची पोरं आमच्या वर्गात येऊन बसतात. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या (वाळलेल्या पात्यांच्या) कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात आणि हंगाम सरला की जातात. गाइडातला ठरलेला प्रश्न आहे, 'सुगरणीकडून आपण काय शिकावे?' उत्तरही ठरलेलं, 'कष्ट, चिकाटी, वात्सल्य.' जिची आई पहाटे अंधारात कोयता घेऊन बाहेर पडते, त्या पोरीनं कष्ट पाखराकडून शिकायचे? हे लिहून द्यायला माझा हात जड होतो.

परिसर अभ्यास पाचवीला संपतो. पुढं पाखरू विज्ञानाकडे जातं, नदी भूगोलाकडे, आणि मराठीच्या वाट्याला उरतं 'निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे'. तर ही कविता तुम्ही कशी घेता? थेट वर्गातलं सांगा. मोठमोठे सिद्धांत नकोत, ते प्रशिक्षणात पुष्कळ ऐकले.

निवृत्त_हेडमास्तर

सर, इतका घोर लावून घेऊ नका. चातक पावसाचंच पाणी पितो, चकोर चांदण्यावर जगतो, हंस दूध आणि पाणी वेगळं करतो. हे सगळं खोडत बसलात तर मराठी आणि संस्कृत दोन्ही तासांना सुट्टी द्यावी लागेल. कवी सत्य सांगतो ते भावनेचं. पोराला शाबासकी द्या आणि चाल लावून कविता म्हणून घ्या.

तापीकाठ

हेडमास्तर सर, तुमचा मान राखून जरा भांडते. जळगाव भागात शिकवते, तेव्हा या बाईसाठी भांडणं मला भागच आहे.

चातक-चकोर हे पोथीतून चालत आलेले संकेत. शेकडो कवींनी ते पक्षी न पाहता वापरले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. १८८० साली आसोद्याला जन्म, पुढचं सगळं आयुष्य शेतात आणि घरात गेलं. त्यांच्या कवितेत जे आहे ते डोळ्यानं पाहिलेलं आहे. म्हणून 'कवीला सगळं माफ' ही सवलत मी त्यांना देत नाही. त्यांना तिची गरजही नाही.

आधी पाखराचं बघू. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीचा बारकाईने अभ्यास केला, तो पुढच्या वर्षी छापून आला. त्यातून नराचा सगळा संसार उलगडला. तो खोपा अर्धा विणतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. एखादी येऊन आतून-बाहेरून पारखते. पसंत पडला तर त्याच्याशी जोडी जमते, तो उरलेला खोपा आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो, आणि मग हा बहाद्दर शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा दुसरीसाठी सुरू करतो. अंडी उबवते ती मादी. पिलांना चाराही मुख्यतः तीच भरवते.

आता कविता उघडा. पहिल्याच कडव्यात काय आहे? 'देखा पिलासाठी तिनं.' पिलं खोप्यात निजलेली आहेत. त्या दिवसांत विहिरीवरच्या बाभळीखाली उभं राहून वर पाहिलं, तर सारखी आत-बाहेर करताना जी दिसते ती मातकट रंगाची मादीच. पिवळ्या डोक्याचा नर तोवर दुसरीकडे गुंतलेला. विणकराचं नाव चुकलं असेल, पण पिलं कुणाच्या जिवावर वाढतात ते बाईने अचूक हेरलं. हा माझा तर्क आहे. पण वर्गात एकदा मांडला की पोरं नर-मादीचा वाद सोडून कवितेत नेमकं कधीचं दृश्य आहे ते शोधायला लागतात. त्यासाठी ओळ न् ओळ पुन्हा वाचावी लागते. मला तेच हवं असतं.

बहिणाबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलं आणि मुलं त्यांनी एकटीने वाढवली. हे मी कवितेआधी सांगत नाही, नंतर सांगते. जोडायचं असेल तर पोरांनी आपापलं जोडावं.

मग गिलकं काढते. 'जसा गिलक्याचा कोसा' ही ओळ गाइडात 'सुंदर उपमा' म्हणून संपते. तुमच्याकडे त्याला घोसाळं म्हणतात. वेलावरच वाळलेलं एक घ्या, साल सोला, बिया झटका आणि बाकाबाकावरून फिरवा. त्यातल्या शिरा आडव्या-उभ्या नीट बसलेल्या नसतात. एकीतून दुसरी निघते, वळसा घेते, तिसरीखाली दडते, आणि टोक काही सापडत नाही. उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं, पण बोट घालू म्हटलं तर जात नाही. खोप्याची वीण अशीच, गाठी आणि वळशांची. टोपलीशी किंवा कापडाशी तुलना केली असती तर ती चुकली असती, कारण त्यांची वीण सरळ असते. माझ्या वर्गात एक पोरगा गिलक्याची शीर नखाने उसवून बघत तास संपेपर्यंत बसला होता. त्याला 'उपमा अलंकार ओळखा' असं विचारायची गरज पडली नाही.

आता भाषेचं. 'झाडाले', 'तुले', 'उलीशी' या रूपांखाली प्रमाण मराठी लिहून घेण्याचा स्वाध्याय मी बंद केला. आमच्याकडे निबंधात 'मले' लिहिलं म्हणून ज्याच्या वहीवर लाल शाई सांडलेली असते, तोच पोरगा ही कविता सगळ्यात सरळ वाचतो. ज्यांच्या घरी 'मला-तुला' चालतं ते अडखळतात. त्या तासाला मी सूचना देत नाही, वाचायला फक्त त्याला उभं करते.

आणि हे शब्द कागदावर आले कसे, तेही सांगते. बाई जात्यावर, शेतात म्हणत. मुलगा सोपानदेव आणि आप्तांतले पितांबर चौधरी यांनी काही उतरवून ठेवलं. बाई गेल्या १९५१ च्या डिसेंबरात. वह्या आचार्य अत्र्यांच्या हाती पडल्या आणि १९५२ ला पुस्तक निघालं. म्हणजे आपण वाचतो ती दुसऱ्याच्या कानांनी ऐकलेली कविता. मग पोरांना घरच्या आजीची एक ओवी ऐकून जशीच्या तशी लिहायला सांगा. ऱ्हस्व की दीर्घ, कुठे ओळ तोडायची, आजी मध्येच खोकली तर काय करायचं, अशा पंचायती सुरू होतात. शुद्धलेखनाचं इतकं गंभीर चिंतन मी एरवी कधी पाहिलेलं नाही.

तुमच्या बीडच्या पोरीबद्दल मी बोलणार नाही, मला तो अनुभव नाही. कुणीतरी जाणतं बोलेल.

गेवराईकर

मी बोलतो. कोपीत राहून शिकलोय, सध्या नोकरीला पुण्यात.

सर, तुमच्या मनात आलं हेच पुष्कळ. पण एक विनंती, त्या लेकराकडं कणवेनं बघू नका. वर्गाला ते लगेच कळतं आणि मधल्या सुट्टीत वसूल होतं. मला एका शाळेत 'माझे घर' निबंध होता. मी अंगण, तुळस, पुढं फुलबाग, सगळं लिहिलं. बाईंनी 'छान' असा शेरा दिला. आमची कोपी शाळेच्या खिडकीतून दिसत होती.

मला त्या वेळी कुणी विचारलं असतं की कोपी कशी बांधतात, तर पानंच्या पानं भरली असती. जागा आधी बघावी लागते, उतार कुठं, पाटाचं पाणी येईल का. मग बांबू कसे रोवायचे, वरच्या टोकाला कसे जुळवायचे. पाचट कोरडं घ्यायचं पण कुरकुरीत नको, चुरा होतो. खालून वर लावत जायचं, म्हणजे अवकाळीचं पाणी थरावरून घरंगळतं. वाऱ्याच्या बाजूला जास्त जाड. चूल कुठं मांडायची, कारण एक ठिणगी बास होती. हे आठ-दहा वर्षाचं पोरगं बघून बघून शिकतं. गावातल्या स्लॅबच्या घरातल्या पोराला यातलं एक वाक्य लिहिता येणार नाही.

म्हणून निबंधाचा विषयच बदला. 'एखादी गोष्ट कशी बांधतात ते लिहा.' सगळ्यांना. कुणी गंज रचलेली लिहील, कुणी गणपतीचा मांडव, कुणी जनावराचा गोठा. तिनं कोपी लिहायची की दुसरं काही, ते तिला ठरवू द्या. तिनं गावाकडचा वाडा लिहिला तरी चालेल. आमच्यातल्या पुष्कळांची गावाकडं पक्की घरं असतात, हेबी तुमच्याकडच्या लोकांना ठाऊक नसतं.

आणि हंगाम संपायच्या आत तिची वही तपासून हातात द्या. आमच्या वह्या दोन्हीकडच्या शाळांत अर्ध्याच राहायच्या.

पाणवठा

पक्षी बघणाऱ्याचे दोन-चार शब्द. वारणाकाठ सर, तुम्ही हिवाळ्यात विचारताय हे बरं झालं. सुगरणीचा अंडी-पिलांचा हंगाम पावसाळ्यातला. आता खोपे रिकामे आणि वाळलेले असतील, त्यामुळे पोरं नेली तरी पाखरांना त्रास नाही. तरीही लटकलेले तोडू देऊ नका, थंडीत मुनिया ही छोटी पाखरं रात्री त्यात आसरा घेतात. खाली पडलेला उचला.

तीन गोष्टी दाखवा. अर्धवट सोडलेले खोपे, शिरस्त्राणासारखे दिसतात, मध्ये एक आडवी पट्टी असते. तिथवर नराचं काम झालं आणि मादीने नापसंत केलं. दुसरं, खोपे झाडाच्या कोणत्या अंगाला जास्त आहेत ते मोजायला लावा. बहुधा पूर्वेकडे सापडतील, पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसापासून तो आडोसा. तिसरं तुमच्या भागाचंच आहे. वीण कशाची आहे ते उसवून बघा. उसाच्या पट्ट्यात उसाच्या पात्याच्या चिरफळ्या मिळतात. नर पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो आणि लांब पट्टी फाडून नेतो. पात हिरवी असतानाच विणावी लागते, वाळल्यावर वळत नाही. गेवराईकरांची कोरड्या पाचटाची पद्धत याच्या उलट, पण उसाचं पातं दोघांनाही लागतं. हे जोडून दाखवायचं की नाही, ते सरांनी वर्ग बघून ठरवावं. मी असतो तर बोललो नसतो, पोरं खोपा हातात घेऊन आपणच बोलतील.

जर्सीकर

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथल्या मुलांनी सुगरण पाहिलेलीच नाही, म्हणून ही कविता मी टाळत होते. मग शेजारच्या मेपलवर पानगळ झाल्यावर एक लोंबती पिशवी दिसली. बाल्टिमोर ओरिओलचं घरटं. गंमत म्हणजे हा पक्षी लोंबतं घरटं विणतो आणि तिथे विणणारी खरोखर मादीच असते! तेव्हापासून आधी ते घरटं, मग कविता. एका मुलीने विचारलं, "बहिणाबाई इथे आल्या होत्या का?"

वारणाकाठ

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. घोसाळं शेजारच्या परड्यात वाळलेलं आहे, सोमवारी नेतो. बांधणीचा निबंधही देतो. पोरांना खोपे बघायला विहिरीवर नेण्यासाठी परवानगीचा कागद फिरवावा लागेल, तो फिरवतो.

फक्त घटक चाचणीचं कोडं राहिलं. 'काय शिकावे' हा प्रश्न काढला तर पालक विचारतात, गाइडातला प्रश्न का आला नाही.

तापीकाठ

सर, तो राहू द्या दोन गुणांना, ज्यांनी पाठ केलंय त्यांचंही भलं होऊ द्या. त्याच्याखाली चार गुणांना हा घाला: 'कवितेतील दृश्य घरटे बांधतानाचे आहे की पिल्ले वाढतानाचे? कवितेतील दोन ओळींचा आधार देऊन लिहा.' हात वर केलेल्या पोराला आणि त्या मुलींच्या बाकांना, दोघांनाही लिहायला भरपूर आहे. उत्तरात कुणी 'तिले', 'झाडाले' लिहिलं तर गुण कापू नका. आणि पोरांनी काय लिहिलं त्यातली एक-दोन उत्तरं इथे टाका, नावं गाळून. आमच्या वर्गाला वाचून दाखवायची आहेत.